बुडवलेला सूर्योदय

प्रिय सूनबाई,

खाली दुकानात तू मशीन चालवते आहेस आणि वर खोलीत बसून मी तुला पत्र लिहिते आहे. हसशील. जिना उतरून आले तर तुझ्यासमोरच उभी राहीन, पण मग तोंड उघडणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. वाळवंटातून परतल्यापासून रोज ठरवते की आज सांगायचंच, आणि रोज तू गोळ्यांची डबी आणि पाण्याचा ग्लास घेऊन पुढ्यात येतेस, की माझी वाचाच बसते. बोलण्यात मी कधी कुणाला हार गेले नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. पण हे तोंडातून निघत नाही. म्हणून हा कागद. वाचून झाल्यावर तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर मी तुला दोष देणार नाही.

शाळेच्या सभागृहाचे पडदे आज संपतील असं दिसतंय. एवढं लांब कापड एकटीने शिवायचं काम नाही. एकीने मशीनवर बसायचं आणि दुसरीने मागून कापड उचलून धरायचं, अशीच आपण दोघी इतकी वर्षं शिवत आलो. पण मी काही उचलायचं नाही, असं तू फर्मान काढलंस आणि माझ्या जागी एक खुर्ची उभी केलीस. खुर्चीवरून कापड घसरतं. तू मशीन थांबवतेस, उठतेस, कापड सारखं करतेस, पुन्हा बसतेस. मला वर ऐकू येतं सगळं. मशीन थांबलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुला ते कॅलेंडरचं पान आठवतंय ना? वर्ष संपलं तरी तू ते फाडून टाकलं नाहीस, कटिंगच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवून ठेवलंस. वाळूची डोंगराएवढी टेकडी आणि तिच्या कडेवर नुकताच उगवलेला सूर्य. मी तुला किती चिडवलं त्यावरून! आपल्या खिडकीत येतो तो सूर्य काय वेगळा आहे का, म्हणून. माझा लेक गेल्यानंतर तू कशासाठीही हट्ट धरला नव्हतास. त्या वाळवंटाच्या सहलीची जाहिरात घेऊन आलीस तेव्हा पहिल्यांदा म्हणालीस, “आई, मला जायचंय. आणि तुम्हीही यायचंय.” मी वरवर कुरकुर केली, पण त्या रात्री बॅग कोणती घ्यायची याचा विचार करत जागीच होते.

आणि काय जागा होती ती! आयुष्यभर लोकांच्या खिडक्या झाकण्यात गेलेली बाई मी. इतकं उघडं आभाळ कुठे बघणार? दुपारी पिवळी दिसणारी वाळू संध्याकाळी आधी केशरी झाली, मग गुलाबी, मग पार जांभळी. मधूनच उभे असलेले ते उंच दगडी सुळके, त्यांच्या लांबच लांब सावल्या. जीप थांबल्यावर सगळे जागच्या जागी बघत उभे राहिले.  शेवटी मीच मुक्कामाच्या तंबूची शिवण तपासून जाहीर केलं की हा माल आपल्या दुकानातून गेला असता तर गिऱ्हाइकाने परत आणून तोंडावर मारला असता. सगळे हसले. तू सर्वांत जास्त हसलीस. तुझं तसं हसणं ऐकून मला बरं वाटलं. हे खरं आहे, यावर तरी विश्वास ठेव.

चष्मेवाले आपल्याच जीपमध्ये होते. त्यांचं नाव मला माहीत होतं, तरी मी त्यांना चष्मेवालेच म्हणत राहिले, कारण नाव घेतलं की माणूस जवळचा होतो. चष्म्यांचं दुकान चालवणारा, अजून लग्न न झालेला, आपला आपण चहा करून दुसऱ्यालाही विचारणारा माणूस. माझ्या चष्म्याची काडी ढिली झाली होती, तर त्यांनी खिशातून एवढासा स्क्रूड्रायव्हर काढला आणि शेकोटीच्या उजेडात ती घट्ट करून दिली. काचाही फुंकर मारून, पुसून दिल्या. मी आभार मानले का? आठवत नाही. मानले नसणार.

त्याच पुसलेल्या काचांमधून मी तुम्हा दोघांना पाहिलं. थंडी वाजते म्हणून मी तंबूत आले होते. तंबूच्या दाराची चेन खालून बिघडलेली होती आणि फटीतून बाहेरचं दिसत होतं. शेकोटी विझत आली होती, बाकीचे झोपायला गेले होते. तुम्ही दोघं थोडं पलीकडे, वाळूच्या उतारावर बसला होता. वर इतके तारे की रात्र असूनही माणसं ओळखू येत होती. मध्ये चांगलं हातभर अंतर होतं. मी बारकाईने पाहिलं, कारण तशी मी आगाऊ आहेच. ते कुठल्यातरी ताऱ्याकडे बोट दाखवत होते आणि तू बघत होतीस, पण ताऱ्याकडे नाही.

तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मीच लोकांना सांगत फिरत होते ना, की पोरीचं वय काय, तिचं पुन्हा लग्न व्हायला हवं, मी जुन्या वळणाची नाही. ते बोलताना मी किती मोठ्या मनाची दिसायची! पण त्या फटीतून बघताना तो मोठेपणा टिकला नाही. मला दुकान दिसलं, बंद. वरची खोली दिसली, त्यात एकच ताट. पहाटे सगळ्यांनी मोठ्या टेकडीवर चढून सूर्योदय बघायचा होता. तुम्ही दोघं आता सकाळपर्यंत असेच बसाल, एकत्र टेकडी चढाल, आणि वरून उतरून येईल ती माझी सून नसेल, असं माझ्या मनाने घेतलं.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मघापासून इकडचं तिकडचं लिहिते आहे. माझा लेक गेला त्या संध्याकाळची गोष्ट आपण दोघींनी कधी काढलेली नाही. तो म्हणाला होता, छातीत दुखतंय. तू लगेच डॉक्टरांना बोलवू म्हणालीस. आणि मी म्हणाले, काही नाही, पित्त असेल, गार दूध पी आणि झोप, सकाळी बघू. तू नवी होतीस, माझ्या शब्दाबाहेर गेली नाहीस. सकाळ काही त्याने पाहिली नाही. त्यावरून तू मला आजवर एक शब्द ऐकवला नाहीस. मला माहीत आहे, तू मनाशी काय ठरवलं आहेस ते. पुन्हा कधी कुणाच्या छातीत दुखलं तर या घरात सकाळची वाट बघायची नाही. शेजारणीला साधी उचकी लागली तरी तुझा हात फोनकडे जातो.

हे माहीत असून, सूनबाई, हे माहीत असल्यामुळेच मी तंबूतून तुला हाक मारली आणि म्हणाले, छातीत दुखतंय.

काहीही दुखत नव्हतं.

तू उतारावरून धावत आलीस ती अनवाणी. तुझा चेहरा मी बघितला. तिथेच थांबता आलं असतं. गंमत केली, स्वप्न पडलं, काहीही सांगता आलं असतं. मी डोळे मिटून घेतले. चष्मेवाल्यांनीच ड्रायव्हरला उठवलं, आपला कोट माझ्या अंगावर घातला आणि जीपमध्ये पुढे बसून अंधारात त्याला वाट दाखवत राहिले. मागे माझं डोकं तुझ्या मांडीवर. तू सारखी म्हणत होतीस, “आई, या वेळी उशीर नाही झाला, बघा, या वेळी आपण लगेच निघालो.” खड्ड्यांतून जीप उडत होती आणि मी अगदी व्यवस्थित श्वास घेत ते ऐकत होते.

त्या गावातला दवाखाना आठव. कार्डिओग्राम चांगला आला तशी तू भिंतीला टेकून खालीच बसलीस आणि हमसून हमसून रडलीस. मी खाटेवरून समोरच्या खिडकीकडे बघत राहिले. स्वस्तातला पडदा होता, अस्तर नसलेला, खालून वीतभर आखूड. हळूहळू तो केशरी व्हायला लागला. तुझा सूर्योदय तो. तू त्याच्यासाठी इतक्या लांबून आली होतीस, आणि तो त्या पडद्यामागे झाला, तेव्हा तुझी पाठ खिडकीकडे आणि तोंड माझ्याकडे होतं. लाजेने माणूस मरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मरत असता तर सुटले असते.

डॉक्टरांनी खबरदारी म्हणून गोळ्या लिहून दिल्या, आणि तेव्हापासून तू माझ्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपतेस. रात्री उठून माझ्या नाकाशी हात धरून बघतेस. मी जागी असते, तुला कळू देत नाही. माझ्या जेवणातलं मीठ काढलंस, आणि मला एकटीला लागू नये म्हणून स्वतःच्याही ताटातलं काढलंस. अळणी जेवण मी निमूट गिळते. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वयंपाकाला नावं ठेवत नाही, तेव्हा तरी तुला संशय यायला हवा होता.

आणि काल दुपारी चष्मेवाल्यांचा फोन आला. मी जिन्यात होते. त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही, पण तुझं आलं. तोच गट हिवाळ्यात पुन्हा तिकडे निघतो आहे, तुझा सूर्योदय राहिला आहे, येशील का, असं त्यांनी विचारलं असावं.  तू म्हणालीस, “हिवाळ्यात, त्याच गटाबरोबर? नाही हो जमणार. आईंना टाकून मी कुठे येणार? आणि पुन्हा विचारू नका, मला नाही म्हणायला त्रास होतो.” फोन ठेवून तू ते कॅलेंडरचं पान भिंतीवरून काढलंस, घडी करून कचऱ्यात टाकलंस आणि मशीनवर जाऊन बसलीस.

म्हणून आज लिहिलं. पान मी कचऱ्यातून काढून हाताने सारखं केलं आहे, ते या पत्राखाली आहे. तुझी बॅग माळ्यावरून काढून जिन्यापाशी ठेवली आहे. शिडी लावून मीच चढले, तेव्हा माझं काळीज किती ठणठणीत आहे ते समजून घे. बॅगेच्या कोपऱ्यात अजून वाळू आहे. त्यांना फोन करायचा की नाही, काय सांगायचं, हे तुझं तू ठरव. माझी लबाडी त्यांना सांगितलीस तरी चालेल, सांगायलाच हवी. माफी मागत नाही, कारण तू ती लगेच देऊन टाकशील आणि मी पुन्हा सुटेन. फक्त दोन गोष्टी ऐक. आज रात्री तुझ्या खोलीत, पलंगावर झोप. आणि पुढे कधी मी छातीत दुखतंय म्हणाले, तर तू क्षणभर थांबशील, खरं का खोटं, असा विचार करशील. माझ्या लेकाच्या वेळी मी थांबले होते तशी. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. तेवढं थांबणं मीच माझ्या हाताने कमावलं आहे.

तू अजून म्हणू दिलंस तर, तुझीच,
आई