मरणाच्या ब्लाऊजची बाही

आई, आपली घरची बोली कागदावर उतरवायला गेले की ती माझी मलाच वाचता येत नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते. आज आमच्या एव्हरशाईनच्या सोसायटीत एका बाईंची साठी साजरी झाली. आमंत्रणात लिहिलं होतं की सगळ्या बायकांनी मोरपंखी रंगात यावं. म्हणजे साठी हिची आणि रंग आम्ही शोधायचा. एकेक ध्यान आलं होतं. ज्यांना लिफ्ट बंद पडली की रडू येतं, त्या बाया टाचांच्या चपला घालून भिंत धरून चालत होत्या आणि एकमेकींना तू किती यंग दिसतेस म्हणत होत्या. मी माझी करड्या काठाची सुती साडी नेसून गेले, तर यजमानीणबाई नाक मुरडून म्हणाल्या, टीचर, आज तरी जरा. मी म्हटलं, मी जेवायला आलेय, रंगपंचमीला नाही. घरी येऊन पदराची पिन काढताना तुझी आठवण आली, आणि तुझी आठवण आली की मला आधी राग येतो. या सगळ्या थेरांची आद्यगुरू माझ्या घरातच होती.

माझं मत तुला ठाऊक आहे, ते अजून बदललेलं नाही. बाईनं पन्नाशी ओलांडली की कपडा स्वच्छ असावा, अंगाला टोचू नये, संपलं. फॅशन म्हणजे तरी काय? मुंबईत कुण्या शिंप्याला कापड कमी पडतं म्हणून तो बाही आखूड करतो, आणि वर्षभर अख्खी वसई दंड दाखवत फिरते. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे कापड उरतं, तो बाही कोपरापर्यंत आणतो, की मग दंड दाखवणारी बाई अडाणी ठरते. मी नोकरीत होते त्या काळी आमच्या स्टाफरूममध्ये मॅचिंगची साथच आली होती. मॅचिंग टिकली, मॅचिंग बांगड्या, मॅचिंग पर्स. एका बाईंनी पावसाळ्यात छत्रीसुद्धा साडीच्या रंगाची आणली आणि दिवसभर ती उघडून वाळत घातली, सगळ्यांना दिसावी म्हणून. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेल्या बाया या. यांच्या वर्गातल्या पोरांना जोडाक्षरं येत नव्हती, पण यांच्या बांगड्या मात्र जुळलेल्या. मी कोपऱ्यात वह्या तपासत बसायचे आणि मनात म्हणायचे, माझ्या आईला इथे आणून बसवलं तर या सगळ्यांची ती हेडमिस्ट्रेस होईल.

खरं तर तू जन्मभर लाल लुगड्यातली बाई. निर्मळ गावची वाडी, पहाटेची फुलं, डोक्यावर टोपली, आणि आठवड्यातून दोनदा पार्ल्याचा बाजार. तिथे बसून तू फुलं विकलीस आणि गिऱ्हाइकांच्या बाह्या पाहिल्यास. कोणती बाई कोणत्या गळ्याचा ब्लाऊज घालून आली होती ते तू रात्री बाबांना सांगायचीस, आणि ते बिचारे भात कालवत हं हं करायचे. बाबा गेले. तू वर्षभर काळं नेसलीस. चर्चमध्ये त्यांच्या वर्षाची मिस्सा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तू माझ्या दारात उभी. चल, माणिकपूरला जायचंय. मला वाटलं, दवाखान्यात. तू मला घेऊन गेलीस साडीच्या दुकानात, आणि तिथून मॅचिंग सेंटरमध्ये.

तो दिवस मला अजून दिसतो. तू जांभळी रेशमी साडी बगलेत धरून काउंटरशी उभी आहेस आणि दुकानदार एकावर एक जांभळे तुकडे टाकतोय. तुला एकही पसंत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तुझा विश्वास नाही, म्हणून प्रत्येक तुकडा घेऊन तू बाहेर येतेस, रिक्षावाल्यांच्या रांगेत उन्हात उभी राहतेस, साडीवर कापड टाकतेस, डोळे बारीक करतेस, आणि परत आत जातेस. मी शाळेच्या गेटपासून दगड टाकला तर पोचेल एवढ्या अंतरावर उभी, आणि देवाला विनवतेय की माझ्या वर्गातलं कुणी इकडून जाऊ नये. शेवटी एक तुकडा जमला. तू त्याच कापडाचा आणखी एक मोठा तुकडा कापून मागितलास. मी विचारलं, एवढा कशाला, आणि ही साडी कुणाच्या लग्नासाठी? तू पिशवीत घडी सारखी करत म्हणालीस, लग्नाची नव्हे, ही मरणाची. पुरताना पेटीत घालायची. मिस्सेला फादर जांभळा झगा घालतील, त्याला मॅचिंग.

मरणाची साडी बऱ्याच म्हाताऱ्या ठेवतात, त्यात नवल नाही. ट्रंकेत तळाशी डांबराच्या गोळ्या टाकून ठेवतात आणि विसरतात. तू ती फॅशनमध्ये ठेवत होतीस. ते जादा कापड त्यासाठीच होतं. पहिल्यांदा ब्लाऊज शिवला तेव्हा फुग्याच्या बाह्यांचे दिवस होते, म्हणून मरणाच्या ब्लाऊजलाही फुगे. काही वर्षांनी फुगे गेले. तू ट्रंक उघडलीस, ब्लाऊज घेऊन माणिकपूरच्या त्याच शिंप्याकडे गेलीस आणि बाह्या सरळ करून आणल्यास. पुढे त्या कोपरापर्यंत आल्या, काठ लावून. मग पाठीचा गळा खोल करून त्याला दोरी आणि दोरीला गोंडे लावायची टूम निघाली. लग्नातल्या पोरी पाठीवर गोंडे हलवत नाचायच्या. तूही गोंडे लावून आणलेस आणि मला दाखवायला रविवारी घरी आलीस. त्या दिवशी मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, अगं, तू पेटीत उताणी असणार, पाठ कोण बघणार आहे?

तू चहा ओतत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मला ठाऊक असेल ना."

गावात तुझं हसं होत होतं ते तुला कळत नव्हतं असं नाही. पलीकडच्या वाडीतल्या बाईनं तुला पार्ल्याची मड्डम नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की पोरंसोरंसुद्धा मड्डम आली म्हणायची. रविवारच्या मिस्सेला तू गोल साडी, मॅचिंग ब्लाऊज, आणि एकदा तर चक्क काळा चष्मा लावून आलीस. मोतीबिंदूचा म्हणालीस, मोतीबिंदू व्हायला तुला अजून चार वर्षं होती. मागच्या बाकावर ती बाई आणि तिच्या दोन जावा तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला लाज वाटली, आणि ती वाटली म्हणून मी तुझ्यावर घरी येऊन तोंडसुख घेतलं. सणाचा दिवस होता, स्वयंपाकघरात तू तांदळाच्या वड्यांचं पीठ मळत होतीस. म्हटलं, शिंगं मोडून वासरांत शिरायचं वय आहे का हे? लुगडं काय वाईट होतं? सगळ्या बायका नेसतात, तुलाच तेवढं जड झालं?

तू हात धुतलेस. तू चिडलेली मी क्वचित पाहिली, त्या दिवशी चिडलीस. म्हणालीस, तू पंचविशीत साठीची दिसायचीस, म्हणून मला साठीत पंचविशीचं व्हावं लागतं, घरात कुणीतरी सरासरी सांभाळायला नको? एवढ्यावर थांबली असतीस तर मी हसून सोडलं असतं. पण तू थांबली नाहीस. "लुगडं टोपलीसाठी नेसले मी. काष्टा घातला की चिखलात उतरता येतं, गाडीत चढता येतं, ओझं उचलता येतं. त्या लुगड्यात मी बाई कधी नव्हते, हमाल होते. हमालाच्या कपड्यात मला पुरू नका." आणि परत पीठ मळायला लागलीस. मला तेव्हाही ते नाटकी वाटलं, आणि आजही वाटतं. पण ते शब्द विसरता आले नाहीत.

तू गेलीस तेव्हा आजारानं अगदी काडी झाली होतीस. भावाचा सकाळी फोन आला आणि मी निर्मळला पोचले, तोवर बायकांनी तुला आंघोळ घातली होती आणि खाटेवर लाल लुगडं काढून ठेवलं होतं. कोरं करकरीत. वहिनीचं होतं. तोवर गावात लुगड्याला पुन्हा बरे दिवस आले होते ना. चर्चच्या सांस्कृतिक कार्यक्रमात नोकरीवाल्या पोरी लुगडी नेसून, लिपस्टिक लावून, डोक्यावर रिकामी टोपली घेऊन फोटो काढून घ्यायच्या. त्याला म्हणायचं संस्कृती. डोंबलाची संस्कृती. ज्या टोपलीनं माझ्या आईची मान आखडली, ती टोपली यांना आता दागिना झाली. वहिनी डोळे पुसत मला समजावत होती, ताई, जुनी माणसं लुगड्यातच शोभतात, आपली परंपरा आहे, लोक बघायला येणार, फोटो निघणार. म्हाताऱ्या माना हलवत होत्या. भाऊ दारात उभा राहून म्हणाला, जाऊ दे ना गं, आता तिला काय कळणार आहे. त्याला सगळं आयुष्य जाऊ दे म्हणायचीच सवय.

आणि हे सगळं मला सांगणारी वहिनी गाऊन घालून उभी होती. तोच तो, सकाळपासून रात्रीपर्यंत अंगावर असणारा, फुलाफुलांचा, मळका गाऊन, वर लाजेपुरता खांद्यावर टॉवेल. याच वेशात ती बाजारात जाते, दूध आणते, पाहुण्यांना चहा देते. कपड्यांतलं सगळ्यात आळशी कापड अंगावर घालून ही बाई मेलेल्या बाईला परंपरा नेसवायला निघाली होती. आई, मला फॅशनचा तिटकारा आहे, पण त्या क्षणी मला जो तिटकारा आला त्यापुढे तो काहीच नव्हता. मी ते लुगडं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"हे तू नेस. महिनाभर रोज नेसून दाखव, मग माझ्या आईला शिकव."

वहिनी आजही माझ्याशी नीट बोलत नाही, आणि माझंही त्यावाचून काही अडलेलं नाही. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि ट्रंक उघडली. साडी ठीक होती. ब्लाऊज मात्र तुझ्या अंगावर पोत्यासारखा लोंबला. तू तो दर फॅशनला बदललास, पण असं मरण येईल याचं माप घेतलं नव्हतंस. मी सुई-दोरा मागितला. तुला कुशीवर वळवलं, भिंतीकडे तोंड करून, आणि पाठीवर आत दाबत दाबत टाके घातले. जन्मात मी फक्त शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला सुई धरलेली, टाके वेडेवाकडे आले. मग राहिली ती दोरी. तिचा उपयोग काही नव्हता, टाके पक्के होते. तरी मी ती बांधली. गाठ मनासारखी येईना, म्हणून सोडून पुन्हा बांधली, आणि दोन्ही गोंडे एका पातळीत येईपर्यंत पुन्हा. बाहेर भाऊ दार वाजवत होता की फादर आले. मी रडत होते आणि तुला शिव्या देत होते. एवढी हौस असते का माणसाला? मग तुला उताणं केलं आणि ते गोंडे तुझ्या पाठीखाली गेले.

आणि फादर पांढऱ्या झग्यात आले. जांभळा कुठे धुवायला टाकला होता की काय, देव जाणे. तुझं मॅचिंग फुकट गेलं. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, एवढं सांगते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि पत्ता असता तरी पाठवलं नसतं. वाचून तू म्हणाली असतीस, बघ, शेवटी पटलं ना. मला काही पटलेलं नाही. त्या मोरपंखी बाया मूर्ख आहेत, तूही मूर्खच होतीस, आणि जांभळा तुझ्या रंगाला कधीच शोभला नाही, पेटीतही नाही. फक्त एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. लोक दर्शनाला रांगेनं येत होते तेव्हा ती पलीकडच्या वाडीतली आली, तुला मड्डम म्हणणारी. तिनं क्रुसाची खूण केली, ओठ हलवले, मग वाकून तुझ्या मनगटाला हात लावला. हात तिथून वर सरकला. बाहीचा काठ तिनं चिमटीत धरला, उलटून आतली शिवण बघितली, आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, ही बाही कुणी शिवली गं? शिंपी माणिकपूरलाच होता, धडधाकट, दुकान अगदी रस्त्यावर. मी तिला सांगितलं, पार्ल्याचा होता, मेला तो.