साखरपुड्यातल्या लग्नाची पत्रिका

मिरजगाव,
मंगळवार

प्रिय पंकजा,

रोज व्हिडिओ कॉलवर दिसणारा नवरा कागद घेऊन बसलाय म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तुला पाकीट बघूनच वाटेल. वाटू दे. फोनवर मी एक सांगायला घेतो आणि भलतीकडेच जातो, हे तुला माहीत आहे. गेल्या रविवारचंच बघ. एक तारखेला राजीनामा देते आणि कायमची परत येते, एवढी मोठी गोष्ट तू सांगितलीस आणि मी तुला म्हशीचं नवीन रेडकू दाखवत बसलो. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे वगैरे. तू ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. कागदावर तसं पळता येत नाही, म्हणून हे. तुमच्या गल्लीतली निकिता शुक्रवारी शिकायला तिकडं निघाली आहे. तिचं कॉलेज तुझ्यापासून बसनं तासाभरावर आहे म्हणे. तिच्याकडे हे पाकीट देतोय, तुझ्या आईच्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. तेल लागलं असेल तर चालवून घे.

इकडं सगळं ठीक आहे. आईला आता इंग्लंडचे नियम माझ्यापेक्षा जास्त पाठ झालेत. आधी पाच वर्षांनी कायमचं राहायला मिळणार होतं, मग दहा झाली, आता तुझ्यासारख्या म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्यांना पंधरा लागतील असं बोलतात. आई परवा भाकरी थापता थापता म्हणाली, ‘पंधरा वर्सांनी तू बेचाळीसचा हुशील रं, मंग पोरं खेळवशील का नातवंडं?’ मी हसलो. ती हसली नाही. मी सध्या डेअरीच्या गाडीवर आहे, चार महिने झाले. एकाच कामावर चार महिने, माझ्या मानानं लईच झाले. नववीत शाळा सोडल्यापासून मी पुण्याच्या हॉटेलात राहिलो, संगमनेरला दुधाच्या टँकरवर राहिलो, पारनेरच्या बाजारात कांद्याच्या गोण्या शिवल्या. तुझे दादा लेकीसाठी स्थळ म्हणून मला बघायला आले तेव्हा मी घरी सापडलो हाच योगायोग होता.

आपला साखरपुडा आठवतो का गं? मला तर त्या दिवशीचा मंडपसुद्धा डोळ्यासमोर आहे, निळा, एका बाजूला फाटलेला. आम्ही दोन क्रूझर भरून साखरपुड्यालाच आलो होतो. दादा आणि माझे मामा गोठ्याच्या मागं जाऊन काहीतरी बोलले आणि बाहेर येऊन म्हणाले, आजच उरकून टाकू. मग नुसती पळापळ. मुंडावळ्या आणायला कोणीतरी मोटारसायकलवर सुप्याला गेलं, अंतरपाट म्हणून मामांचं उपरणं धरलं, आणि तू साखरपुड्याच्या साडीवरच उभी राहिलीस. आपल्याकडं असं लग्न केलं की लोक कौतुक करतात. फाफटपसारा नाही, खर्च नाही. त्यात काय कमी राहतं ते कोणाच्या लक्षात येत नाही.

राहिली होती पत्रिका. आठ-नऊ महिन्यांनी तुझं तिकडचं काम ठरलं, व्हिसावर नवरा म्हणून माझंही नाव तुझ्या मागं लावायचं ठरलं, तेव्हा लग्नाचा दाखला मागितला गेला. तुमच्या गावचे ग्रामसेवक, भाऊसाहेब, म्हणाले दाखल्याला पत्रिका जोडावी लागते. दादा भडकले, अख्खं गाव जेवलंय म्हणाले. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, ‘दादा, कागदाला जेवण दिसत न्हाई. एक पत्रिका छापून आना, दुसऱ्या दिवशी दाखला देतो.’ ते काम मी अंगावर घेतलं. सव्वीस फेब्रुवारी, सोमवार. नगरला छापखान्यात गेलो. छापणाऱ्यानं विचारलं, लग्न कधी? मी म्हणालो, गेल्या मे महिन्यात. तो इतका हसला की शेजारचा चहावाला बघायला आला. शंभराच्या खाली छापत नाही म्हणाला. मग मीही रंगात आलो. मोराचा गणपती की पानाचा, यातच तास गेला. खाली सगळ्यांची नावं घातली, भांडण झालेल्या आत्याचंसुद्धा. झालेल्या लग्नाला अगत्याचं निमंत्रण. आई अजून त्यातली एकेक पत्रिका ताकाच्या भांड्यावर झाकायला घेते.

मंगळवारी सकाळी पत्रिका हातात मिळाल्या. पारनेरची गाडी धरायची आणि दुपारी तुमच्या गावात, एवढंच काम होतं. स्टँडबाहेर संदीप भेटला, माझा टँकरवरचा जोडीदार. आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. कांदा घेऊन संगमनेरला चालला होता. चल, संध्याकाळी परत येऊ, म्हणाला. मी बसलो. परत आलो ते गुरुवारी, सात मार्चच्या संध्याकाळी. नऊ दिवसांनी.

त्या नऊ दिवसांत तू काय केलंस ते मला नंतर कळलं. व्हिसाचं काम बघणाऱ्या अश्विनी मॅडम तुला रोज सांगत होत्या, तुमचा एकटीचा अर्ज आजच टाका. अकरा मार्चच्या आत जिचा अर्ज गेला तिच्या नवऱ्याला मागाहूनही जाता येणार होतं. त्यानंतर कोणालाच नाही. तू म्हणालीस, एक-दोन दिवसांत येतील पत्रिका घेऊन, दोघांचा सोबतच टाकू. माझं नाव नसलेला कागद तुला एकदासुद्धा पाठवायचा नव्हता.

मी आलो, तर शुक्रवारी महाशिवरात्र, मग दुसरा शनिवार, मग रविवार. पंचायतीला कुलूप. सोमवारी भाऊसाहेब नऊ वाजताच येऊन बसले होते, दुपारपर्यंत दाखला दिलाही. पण तो सोमवार अकरा तारखेचा होता, मुदत आदल्या रात्रीच संपली होती. तुला, दादांना, सगळ्यांना मी सांगितलं होतं की छापखान्याची मशीन बंद पडली होती. आणि मग सगळा राग भाऊसाहेबांवर निघाला. लेकीचा संसार सुट्टीवर घालवला म्हणून दादा त्यांना भर ग्रामसभेत बोलले, पंचायत समितीत तक्रार केली. त्यांची बदली पार अकोले तालुक्याच्या डोंगरात झाली. मी ग्रामसभेत मागं बसून ऐकत होतो. विमानतळावर तू उलट माझीच समजूत घातलीस. ‘वाईट वाटून घेऊ नका. आपलं काही चुकलं नाही, नियमच आडवा आला.’ हे वाक्य तू नंतरही कितीदा म्हणालीस. तिकडच्या मैत्रिणींना सांगितलंस, त्यांच्याबरोबर सह्या गोळा केल्यास, तिथल्या खासदाराला इंग्रजीत पत्र लिहून मला वाचून दाखवलंस. त्यात माझं नाव तीनदा होतं.

पंकजा, मशीन बंद पडली नव्हती. आणि मी नादात राहून विसरलो असंही नाही, तसं असतं तर बरं झालं असतं. शुक्रवारी, एक मार्चला, मी संगमनेरच्या स्टँडवर चहा पीत होतो. तुझा मेसेज आला, ‘अर्ज अकराच्या आत जायला हवा. पत्रिका मिळाल्या का?’ समोर नगरची एसटी लागलेली होती, अर्धी रिकामी. कंडक्टर ओरडत होता. पत्रिकांचा गठ्ठा मांडीवर होता. मी दुसरा चहा सांगितला. ती गाडी गेली. अर्ध्या तासानं दुसरी आली, तीही जाऊ दिली. मग फोन बंद केला आणि संदीपच्या बहिणीकडं भंडारदऱ्याला जाऊन सहा दिवस बसलो.

कशामुळं, ते मी दोन वर्षं शोधतोय. त्याच्या आदल्या आठवड्यात अश्विनी मॅडमनी मला विचारलं होतं, तुम्ही तिकडं काय करणार? तूच म्हणालीस, करतील काहीतरी, हुशार आहेत. परत येताना गाडीत तू मुक्कामाच्या खोलीबद्दल, समुद्राबद्दल बोलत होतीस, आणि मी खिडकीतून मागं जाणारे स्टँड मोजत होतो. मी एवढा फिरतो ते कुठल्याही स्टँडवर उतरून परत फिरता येतं म्हणून. तिथं मी तुझ्या नावावर, तुझ्या खोलीत, तू कामावरून येईपर्यंत बसून राहिलो असतो. भीती वाटली. मला यायचं नाही, हे तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तारीखच निघून जाऊ दिली. आणि तू गेल्यावर पंधरा दिवसांत कळलं की मला यायचं होतं. कुठंही बसून राहायला लागलं असतं तरी चाललं असतं. दिवाळीला तू आलीस तेव्हा सांगणार होतो. तू झोपेतसुद्धा माझा सदरा धरून होतीस. नाही सांगवलं.

काल मी तुमच्या गावी जाऊन दादांना सगळं सांगितलं. वाटलं होतं मारतील. त्यांनी चप्पल घातली आणि भाऊसाहेबांचा नंबर मिळतो का बघायला पंचायतीत गेले. तुझ्या आईनं चटणीचा डबा माझ्या हातात दिला, माझ्याकडं न बघता. आता तू राहिलीस. गेल्या जुलैपासून इकडून तुझ्या कामाला नवीन कोणाला घेत नाहीत. एकदा राजीनामा देऊन आलीस की तो दरवाजा परत उघडणार नाही. नियमानं आपल्याला तोडलं म्हणून तू सगळं सोडून माझ्याकडं येतेयस, आणि माझ्यासारख्याला हे सुख गप्प बसून घेता आलं असतं. रविवारपासून तेच करत होतो. रात्रंदिवस वाटतं की ये. पण तू ज्याचं काही चुकलं नाही अशा माणसाकडं निघाली आहेस, आणि तो माणूस इथं नाही. म्हणून राजीनामा लिहिण्याआधी हे तुझ्या हातात पडावं, एवढ्यासाठी लिहिलं. आता राहायचं की यायचं, आणि आलीस तर कुणाच्या घरी, ते तू ठरव. मी वाट बघणार नाही असं नाही. पण तसं बोलायचा हक्क मी घालवलाय.

अजून तरी तुझाच,
कानिफनाथ