तीन नंबरच्या लूमचा तबला

शेलार, ता. भिवंडी
रविवार, १३ मे २००७

श्रीयुत रवींद्रराव यांस,

केसरीनाथचा सप्रेम जय भीम आणि नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल, वनितावहिनींचा गुडघा त्यांना आता जिना चढू देत असेल आणि चि. उन्नती बारावीच्या निकालाची वाट बघत नखं खात असेल, असं धरून चालतो. आमच्याकडे सगळे मजेत. हौसाला साखर निघाली. मला नाही निघाली, पण चहा दोघांचाही बिनसाखरेचा झाला आहे.

रवी, एवढं अहो-जाहो लिहिताना मला घाम फुटला. सातवीत तू माझ्या पाठीवर शाई सांडलीस तेव्हापासून आपण अरे-तुरेवर आहोत, तेव्हा नेहमीसारखंच लिहितो. शेलारहून खारबावला यायला कितीसा वेळ लागतो आणि हा माणूस पत्रं काय पाठवतो, असं तुला वाटेल. मी फोन केला होता. तीनदा केला. दोनदा तू कापलास आणि तिसऱ्यांदा वहिनी म्हणाल्या, ते घरी नाहीत. (मागे तू खोकत होतास. तुझा खोकला मी ओळखतो. निदान तेवढ्यापुरता तरी माझ्या कानावर विश्वास ठेव.) पत्र मात्र तुला घ्यावंच लागेल, कारण तू पोस्टात आहेस आणि या पाकिटावर शिक्का बहुतेक तूच मारशील. सरकारी टपाल न वाचता फेकून देण्याइतका तू बेजबाबदार नाहीस.

तर घडलं असं. गेल्या मंगळवारी आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि तीन दिवस लाइट नव्हती. माझे बारा लूम गप्प. कारागीर निम्मे गावात भटकायला गेले, निम्मे माळ्यावर झोपले. माझा टेप तुला माहीत आहे, कारखान्यातल्या पत्र्याच्या ऑफिसात असतो. घरी आणायला हौसाची मनाई आहे, कारण तिच्या मालिका आणि माझ्या गझला एका छताखाली नांदत नाहीत. म्हणजे लाइट गेली की लूम बंद आणि टेपही बंद, लाइट आली की दोन्ही चालू. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा कारखान्याला कुलूप आणि टेप आत. ही व्यवस्था इतकी सरळ होती की वीस वर्षांत मला त्यात काही वावगं दिसलं नाही. या वेळी मात्र गुरुवारपर्यंत मी इतका कंटाळलो की नाक्यावरून सहा मोठ्या बॅटऱ्या आणल्या, टेपच्या पाठीत भरल्या आणि त्या लखनवी बाईंचा गझलांचा अल्बम लावला. आपल्या श्रोता मंडळाच्या वार्षिक यादीत मी सलग अकरा वर्षं पहिल्या नंबरावर ठेवलेला तोच. (तू तो दरवर्षी सातव्यावर ठेवायचास आणि आपण कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर खाडाखोड करत बसायचो.)

रवी, त्यात तबलाच नाही.

मला आधी वाटलं, कॅसेट बिघडली. मग वाटलं, टेपचं हेड घाण झालं. स्पिरिटने पुसलं. तरी तबला नाही. पेटी आहे, सारंगी आहे, बाई आहेत, पण ज्या तबलजीच्या हाताबद्दल मी अकरा वर्षं व्याख्यानं दिली, अंजूरच्या गणपतीत माइक हातात घेऊन वीस मिनिटं बोललो (लोक आरतीसाठी खोळंबले होते), तो गृहस्थ त्या कॅसेटवर कुठेच नाही. दुसरी कॅसेट लावली. तिच्यातला तबला मी म्हणायचो त्याच्या अर्धाच निघाला. तिसरीत ढोलकी गायब. माझ्या पहिल्या दहा आवडत्या गाण्यांपैकी सहा उघडी पडली. शेवटी मी माळ्यावरून मुख्तारला उठवलं. माझा सगळ्यात जुना कारागीर, तुला ओळखतो, तुझी चौकशीही करतो. त्याने डोळे चोळत अर्धं गाणं ऐकलं आणि म्हणाला, "सेठ, वो तबला तो अपना तीन नंबर का लूम है. उसका एक पट्टा ढीला है ना, दो ठोके सीधे मारता है, तीसरा लँगड़ा. हम तो समझे आपको मालूम है." सगळ्या कारागिरांना माहीत होतं म्हणे. मी डोळे मिटून मांडीवर ठेका धरायचो, तेव्हा ते म्हणायचे, सेठचं मशीनवर किती प्रेम आहे.

घरी येऊन हौसाला सांगितलं. तिला फार मोठा धक्का बसेल अशी माझी अपेक्षा होती. ती भाकरी थापत म्हणाली, "त्या कारखान्यान कोनाला काय आयकू येतंय? मना वाटलं तुमी नुसतं बसाला जाता." एवढंच.

इथपर्यंत तू हसत वाचलं असशील तर बरं आहे. इथून पुढचं मला लिहायला जड जातंय. ते गुरुवारी दुपारी माझ्या लक्षात आलं आणि मी खुर्चीतून उठलोच. सहा वर्षांपूर्वीचा, दोन हजार एक सालातला तो रविवार. मंडळाची बैठक नेहमीप्रमाणे माझ्या ऑफिसात. (रविवारी तुला सुट्टी, माझे लूम चालू. चहा माझा असल्यामुळे बैठकही माझ्याकडे आणि शेवटचा शब्दही माझाच. लडकूने तर उभ्या आयुष्यात माझ्या मताविरुद्ध मत दिलं नाही.) तू खिशातून कॅसेट काढलीस. 'खाडीपल्याड'. आठ गाणी, शब्द तुझे, चाल तुझी, गळा तुझा. बाजारात यायच्या आधीची नमुन्याची प्रत, वर हिरव्या शाईत तुझं अक्षर. तू म्हणालास, केसरी, तू आधी ऐक, मग मी पुढे पाठवतो. मी ऐकली. पाय हलवत, तोंडात बिस्किट, बारा लूमच्या खडखडाटात ऐकली. आणि सहा माणसांसमोर निकाल दिला की गायक लयीत नाही, दर कडव्याला मागे पडतो, ठेका एका गावाला जातोय आणि गाणं दुसऱ्याच.

तू एवढंच म्हणालास की केसरी, यात ठेका कुठे आहे, नुसती पेटी आहे. तिथे मी थांबायला हवं होतं. शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो, शिक्के मारणाऱ्याने मला ताल शिकवू नये. लडकू हसला. तू कॅसेट टेपमध्ये तशीच ठेवून उठलास, चपला घातल्यास आणि गेलास. चहासुद्धा अर्धा राहिला होता. मी तुझ्या मागे आलो नाही. मला वाटलं, येईल पुढच्या रविवारी.

नंतर वहिनींनी बाजारात हौसाला सांगितलं की छापून आलेली कव्हरं आणि तुझ्याकडच्या दोन प्रती तू एका सकाळी खाडीत सोडून आलास. कॅसेट निघालीच नाही. तू गाणंही सोडलंस. या महिन्यात बुद्धपौर्णिमेला तुमच्याकडच्या कार्यक्रमाला मी मागे उभा होतो. (तू पाहिलंस मला. मान वळवलीस.) ज्याने एकेकाळी बिनमाइकचं मैदान शांत केलं होतं, तो रवींद्र खुर्च्या मांडत होता आणि माइकमध्ये हॅलो हॅलो करून बाजूला होत होता. कमळाबाई गेल्या तेव्हाही मी आलो होतो. तुझ्या आईने मला शाळेच्या दिवसांत किती वेळा सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं ते तुला ठाऊक आहे. त्या दिवशी तुझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवायला माझे पाय उचलले नाहीत. लोकांना वाटलं, मला घाई आहे.

तर परवा गुरुवारी मी कॅसेटचे सगळे डबे उपसले आणि तुझी कॅसेट काढली. सुताच्या कांड्यांच्या टोपलीखाली होती, कापसाची धूळ बसलेली. धोतराने पुसली, लावली. रवी, तू लयीत मागे पडत नाहीस. तू थांबतोस. पहिल्या ओळीनंतर तू थांबतोस आणि पेटीसुद्धा थांबते, आणि त्या थांबण्यात असं वाटतं की आता खाडीचं पाणी उतरणार. मी वीस वर्षं गाणी ऐकली, पण गाण्यात कुणी गप्प बसलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्याकडे तेवढी जागा तीन नंबरचा लूम भरून काढायचा. चौथ्या गाण्यात तुझ्या श्वासाच्या मागे एक बाई खोकते आणि काचेच्या बांगड्या वाजतात. मी ते पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं. तू सांगितलं होतंस की आई हट्टाने स्टुडिओत आली होती आणि तिला कोपऱ्यात स्टूल दिलं होतं. पुढे बॅटऱ्या उतरल्या, तुझा आवाज जाड होत होत बैलासारखा झाला आणि टेप बंद पडला. मी तिथेच बसून राहिलो. मुख्तारने येऊन विचारलं, सेठ, तबियत तो ठीक है?

माझं चुकलं, रवी. कान माझा नव्हता, कारखान्याचा होता, आणि त्याच्या जोरावर मी तुझं गाणं बंद पाडलं. ही सहा वर्षं मी तुला कुठून आणून देऊ? वहिनींना नमस्कार, उन्नतीला आशीर्वाद. निकाल लागला की कळव, निदान तिच्या हाताने.

तुझा (हे तू ठरव),
केसरीनाथ

ता. क. – कॅसेट या पत्रासोबत पाठवलेली नाही, पाकीट चाचपू नकोस. जगात एकच प्रत उरली आहे आणि ती पोस्टाने पाठवण्याइतका माझा तुमच्या खात्यावर विश्वास नाही. (राग मानू नकोस, हे तूच मला सांगितलेलं आहेस.) खरं कारण वेगळं आहे. ती हातात पडली की तू येणार नाहीस. येत्या शुक्रवारी कारखाना बंद असेल. मी कुलूप उघडून बसेन. ये, आपण दोघं ऐकू, मग घेऊन जा. मंडळ बोलावलेलं नाही. लडकूला कळवलेलंसुद्धा नाही. खरं तर पत्र एवढ्याचसाठी लिहिलं, बाकी सगळं ते मागायचा धीर होईपर्यंत लिहीत गेलो.

ता. क. २ – तीन नंबरचा लूम मिस्त्री बोलावून दुरुस्त करून घेतला. आता माझी निम्मी गाणी बोडकी वाटतात. मुख्तारही नाराज आहे, त्याला झोप येते म्हणे. आणखी एक. सगळं मान्य केलं तरी तुझ्या दुसऱ्या गाण्याला थोडा ठेका हवाच होता. हे मी पूर्ण शांततेत ऐकून सांगतो आहे. तू येऊन भांड.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायच्या आधी टेप घरी नेला आणि हौसाची मालिका बंद करून तुझ्या कॅसेटची दुसरी बाजू शेवटपर्यंत लावली. गुरुवारी ती राहून गेली होती. शेवटचं गाणं संपल्यावर स्टुडिओवाल्याने बटण बंद करायला उशीर केला आहे. तुझी आई म्हणते, "झाला का रं, रवी? आता पयला केसरीला नेऊन दे. त्याला कान हाय." तू तिच्या शेजारीच होतास, म्हणजे तुला हे तेव्हापासून माहीत आहे. मला आज दुपारी कळलं.