शेजारचं धुराडं

मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या नानांच्या डाळ मिलच्या धुराड्यातून काळा धूर निघायचा बंद झालाय. आमच्या मिलच्या धुराड्याचा मात्र दिवसभर माझ्याच डोळ्यांत जातो. आज चाळणी परत करायच्या निमित्ताने नानांच्या मिलमध्ये गेलो. त्यांनी काहीच लपवलं नाही, तेच जास्त लागलं. डाळ वाळवायच्या भट्टीत कोळसा बंद, आता पऱ्हाटी, कापूस वेचून उरलेल्या कपाशीच्या काड्या. वर म्हणाले, "भाऊ, तुमचंच पाहून केलं. तुम्ही जाळली होती ना त्या वर्षी?"

जाळली होती. बोदवडहून ट्रॅक्टर भरून आणली, ओलीच भट्टीत कोंबली. मजूर खोकत बाहेर पळाले आणि मी आठ दिवसांत परत कोळशावर आलो. नाना तेव्हा भिंतीपलीकडून बघत होते. मला वाटलं, हसतायत. ते शिकत होते. पऱ्हाटी आधी वाळवायची, एवढंच. जन्मभर डाळ वाळवली मी, आणि हे सुचू नये?

पऱ्हाटीसाठी भट्टी जुळवून देणाऱ्याचा नंबर त्यांनी स्वतःहून दिला. मी घेतलाही. उद्या फोन करणार. मग आमच्याही धुराड्याचा काळा धूर थांबेल, आणि अख्खी एमआयडीसी म्हणेल, नानांचं पाहून केलं.