घागर भरलेली आहे

आरोंदा,
५ फेब्रुवारी १९६०

चि. नीरजाबाय हीस आजीचा डोक्यावर हात आणि पाठीत एक धपाटा.

विशेष. तुझं पत्र शेजारच्या सुगंधाने दोनदा वाचून दाखवलं. हेही तीच लिहिते, माझं मालवणी धुऊन-पुसून. आजीला एक अक्षर येत नाही आणि नात फोंड्याच्या शाळेत पोरांना जुन्या कॅलेंडरांची चित्रं दाखवून विचारते, काय दिसतं, कशावरून? बरी नोकरी गो तुझी. पिंगुळीचा चित्रकथी यायचा तेव्हा आम्ही पोरं त्याच्या आधीच चित्र सांगून मोकळी व्हायचो, आणि शिव्या खायचो.

आता थट्टा पुरे. विहिरीपाशी उभ्या बाईचं चित्र दाखवलंस. कोणी म्हणालं पाणी भरते, कोणी म्हणालं विसावा घेते. तुझी सहा वर्षांची लीला म्हणाली, घागर भरलेली आहे तरी ती घरी जात नाही. काठावर पिवळं दिसतं ती फुलं नव्हेत, पाटल्या. "चेडवासाठी काढून ठेवल्यान." म्हणजे लेकीसाठी. तू शाबासकी दिलीस, तिच्या नावासकट ते वाक्य फळ्यावर लिहिलंस.

अगो, सवाष्ण पाण्याला पाटल्या घालूनच जाते. घागर भरून झाल्यावर त्या काढते ती एकाच कामासाठी. आमच्या वाडीतल्या काशीबाईने तेच केलं, पाटल्या काठावर ठेवून विहिरीत उडी घेतली. काठावरच्या त्या पाटल्या सगळ्यांत आधी मी पाहिल्या, नऊ वर्षांची होते. मोठी माणसं म्हणाली, पोर गोष्टी रचते. लीला घरचं सांगते आहे.

पोस्टाचा भरवसा नाही. वाडीतला गंगाराम कणकवलीला निघालाय, तो पुढे फोंड्यापर्यंत येऊन हे पत्र देईल. हातात पडताच तिच्या घरी जा. उत्तर मागून लिही.

लोभ आहेच, तो काय मागून घ्यायचा?
आजी (अंगठा)

फोंडाघाट,
७ फेब्रुवारी १९६०

ती. आजीच्या पायांवर नीरजेचं डोकं.

वि. वि. गंगाराम काल वर्गाच्या दाराशीच आला. लीला दोन दिवस शाळेत नव्हती. घरी गेले तर मागीलदारी विहिरीच्या काठावर बसलेली, आईला कळशी सोडू देईना. तिच्या आईचे, सुशीलाबाईंचे हात मोकळे, पाटल्या नाहीत, डोळा सुजलेला. पाय घसरला म्हणाल्या. नवऱ्याचं, भिकाजीचं, नावही काढलं नाही. मग त्यांनीच मला विचारलं, "बाई, तुमच्या चित्रातली ती मागे फिरता काय?"

मी तिथल्या तिथे म्हटलं, माझ्या आजीकडे चला.

भिकाजी मालाची गाडी घेऊन कोल्हापुरास गेलाय, मंगळवारी संध्याकाळी परततो. त्या दुपारी सासू बाजारात असते, तेवढ्यात दोघींना घेऊन निघते. एकच धास्ती आहे. भिकाजीचा भाऊ लवू परवा आपल्या मुलाला शाळेत सोडायला आला, तो फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. ते वाक्य मी पुसलं नव्हतं.

हे पत्रही गंगारामच्याच हाती देते.
आशीर्वादाची गरज असलेली,
नीरजा

आरोंदा,
१० फेब्रुवारी १९६०

चि. नीरजा, आशीर्वाद.

काल दिवेलागणीच्या गाडीतून लीला एकटी उतरली. कंडक्टर म्हणाला, शाळेच्या बाईंनी तिला आत बसवलं, माझं नाव-गाव सांगितलं आणि पोरीच्या आईला आणायला उलट्या पावली पळाल्या. गाडी सुटताना घाटावरून भिकाजीची मालाची गाडी उतरताना त्याने पाहिली, तो त्या दोघा भावांना ओळखतो. लवूच ती थांबवायला हात करीत रस्त्यात उभा होता.

आज दोन गाड्या येऊन गेल्या. तू नाहीस, सुशीला नाही. तुझा काका सत्यवान आणि गंगाराम निघालेत. आधी पोलिसांत जा म्हणून बजावलंय. हे पत्र त्यांच्याच जवळ आहे.

पोरीच्या ओच्यात आईच्या चारही पाटल्या बांधलेल्या आहेत. गाठ सोडू देत नाही. पेजेला तोंड लावलं नाही. निघण्याआधी तिने काय पाहिलं ते सुगंधा विचारायला निघाली होती, मी थांबवली. असं पोराला विचारायचं कसं, ते माका ठाऊक नाही. तू ये, आणि तूच विचार.

आजी (अंगठा)