ब्रॅकेटवरची रेघ

१२ मे २०२५

गाडी अडवली! चांदूर रेल्वेच्या महादेवरावांची. एसी लावला की खडखड होते म्हणून अमरावतीला आमच्या वर्कशॉपमध्ये आणली होती. जुन्या मिस्त्रींनी, उस्मानचाचांनी, कंप्रेसर पाइपांसकट सोडवून तारेनं बाजूला टांगला आणि तो ज्यावर बसतो ते ब्रॅकेट काढून माझ्या हातात दिलं. दोन बोल्ट ढिले होते, बाकी काही नाही, असं त्यांचं म्हणणं. पण मला पायाजवळ बारीक रेघ दिसली. तडा!

"ओततानाची साच्याची रेघ असंल ते, बेटा. डिझेल लावून पुसू, वरून खडू घासू. तडा असला तं काळा उमटते."

मी म्हटलं, डोळ्यांना दिसतंय ते खडूला काय विचारायचं? चालत्या गाडीत तुटलं तर?

चाचा हसले. "बरं. इंजिनिअर तुमी. लिवा."

लिहिलं— ब्रॅकेट बाद, गाडी देऊ नये. खाली सही. नवं यायला आठवडा. इंजिनाचं पाणी फिरवणारा पट्टाही कंप्रेसरवरूनच जातो; तोवर तो बसत नाही, गाडी हलत नाही.

१३ मे

महादेवराव आले. बायकोला, कौशल्याबाईंना, दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला इथं आणावं लागतं.

"जुनंच बसवून दे ना, पोरी. लग्नं चालू हायेत, भाड्यानं गाडी भेटून नाई राहिली. आज कशीबशी आणली. हिले या उनात एसटीत किती फिरवू?"

नाही म्हटलं. जिवाचा प्रश्न आहे, काका.

घरी फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, "तुया सहीनं गाडी थांबते?" किती वेळ हसत होते!

१६ मे

पंचेचाळीस अंश. पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही.

१७ मे

काल एसटीतून उतरताना कौशल्याबाई स्टँडवर कोसळल्या. दवाखान्यात नेईपर्यंत गेल्या. वर्कशॉपच्या मालकांनी सांगितलं.

तुटकं ब्रॅकेट कसं देणार होते मी? बरोबरच केलं. बरोबरच केलं.

२० मे

ब्रॅकेट आलं. मीच बसवायला घेतलं. खोक्यातून काढलं, पुसलं— पायाजवळ तीच रेघ. त्याच जागी. नव्याकोऱ्या ब्रॅकेटवर!

जुनं शोधून आणलं. डिझेल लावलं, पुसलं, खडू घासला. अर्धा तास बघत उभी होते. पांढराच.

चाचा शेजारीच होते. "चारी बोल्ट पयले हातानं लाव, मंग पाना." एवढंच.

२२ मे

महादेवराव गाडी न्यायला आले. सगळं सांगितलं— तडा नव्हताच, चूक माझी, गाडी त्याच दिवशी देता आली असती. खरं सांगायलाच हवं होतं ना?

ते किल्ली हातात धरून उभे राहिले.

"गाडी खराबच होती, इलाज नोता, असं सांगून पोरायले समजावलं मी. मले बी. आता हे कायले सांगतलं, पोरी?"