जवळ की लांब

२ मे
आले बाई एकदाची! खोली टेकडीवर आहे, दाराला हिरवा रंग, आणि खिडकीतून अर्धं तळं दिसतं. उरलेलं अर्धं समोरच्या हॉटेलच्या वाळत घातलेल्या चादरींनी झाकलंय. रेडिओ केंद्र म्हणजे पोस्टाच्या वरच्या दोन खोल्या. साहेब स्वतःच प्रमुख, स्वतःच मशीनवर, आणि चहाही स्वतःच करतात. तो चहा न बोलता प्यायचा असतो. माझा आवाज ऐकून त्यांनी मान डोलावली, तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत.

काम मजेचं आहे. हंगामात केंद्र एक पितळी डबी गावात लपवतं. निवेदिकेनं ती स्वतःच्या हातानं ठेवायची, जागा साहेबांनाही सांगायची नाही. रोज सकाळी रेडिओवरून एक खूण द्यायची. मग लोक फोन करून आपण कुठे उभे आहोत ते सांगतात, आणि आपण फक्त ‘जवळ’ किंवा ‘लांब’ म्हणायचं. डबीत तळ्याकाठच्या एका गाळ्याची किल्ली आहे. ज्याला सापडेल त्याला गाळा वर्षभर फुकट.

४ मे
डबी जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांखाली ठेवायची ठरवली होती. गेलेही. पायऱ्या शेवाळलेल्या, पायात नव्या चपला, आणि पाण्याला मी पहिल्यापासून घाबरते. उद्या ठेवू म्हटलं आणि परत आले. डबी सध्या माझ्या कपाटात, कपड्यांखाली आहे. पहिली खूण मात्र सांगून टाकली. कार्यक्रम काय माझ्यासाठी थांबणार आहे?

७ मे
गावाला वेड लागलंय. धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नाही. आता डबी ठेवायला गेले तर ठेवतानाच पकडली जाईन. म्हणून खुणा हळूहळू पाण्याकडे वळवल्या. पाण्यात कोण उतरतंय? डबी न सापडताच हंगाम संपेल, आणि माझा आळस कुणाला कळायचा नाही.

रोज न चुकता फोन करतात ते डांबरकाका. होड्यांच्या फटी डांबरानं बुजवतात, हात कायमचे काळे. मुलीला गाळ्यात सायकली भाड्यानं द्यायचं दुकान काढून द्यायचंय. तिनं पाटीसुद्धा रंगवून ठेवलीय म्हणे. आज ते शेवटच्या पायरीवर उभे होते. मी इतकं गोड ‘जवळ’ म्हणाले की साहेबांनी अंगठा दाखवला.

१० मे
डांबरकाका गेले.

सकाळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. फोनवर म्हणाले, कमरेइतक्या पाण्यात उभा आहे. मी म्हणाले, जवळ. त्यांनी फोन काठावरच्या मुलीच्या हातात दिला आणि बुडी मारली. ते वर आलेच नाहीत. दुपारी होडीवाल्यांनी बाहेर काढलं.

संध्याकाळी मुलगी केंद्रावर आली. रडत नव्हती. तिला एवढंच हवं होतं की बाबा बरोबर जागी शोधत होते का. मी म्हणाले, अगदी हातभर अंतरावर होते. तिनं माझे दोन्ही हात धरून आभार मानले. आभार! मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी खरं बोलले नाही.

१२ मे
डबी पिशवीत घालून धक्क्यावर गेले. आता तरी पाण्यात टाकावी, निदान बोललेलं खरं होईल. मुलगी तिथेच बसली होती. सरकून तिनं मला जागा करून दिली. शेजारी बसले आणि डबी घेऊन परत आले.

१३ मे
साहेबांनी खेळ पुन्हा सुरू केला. नको म्हणायला कारण काय देणार होते?

पहिलाच फोन. धाप लागलेली, मागे पाण्याची खळखळ. ताई, बेकरीच्या कोपऱ्यावर आहे, जवळ की लांब?

साहेबांच्या हातातून कप पडला. म्हणजे त्यांनीही डांबरकाकांचा आवाज ओळखला. धक्क्यावरून माझ्या खोलीकडे येताना बेकरी लागते.

मी म्हणाले, लांब.

१४ मे
आज टेकडीच्या पायथ्याशी. पुन्हा म्हणाले, लांब.

मुलगी धावत आली. बाबाच होते, म्हणाली. त्यांचा फोन तर तिच्याकडे, बंद. तिनं विचारलं, “ताई, बाबा तळं सोडून तुमच्या टेकडीकडे का शोधताहेत?”

कुणीतरी टवाळखोर असेल, मी म्हणाले. साहेबांच्या तोंडावर. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

१५ मे
आजारी म्हणून घरीच. दार लावलंय. रेडिओ लावायला नको होता —

ते आलेत. रेडिओवर म्हणताहेत, हिरव्या दाराशी आहे.

साहेबांना जागा कुठे ठाऊक! ते रेडिओवरूनच मला सांगताहेत, बाई, फोन करा, काय ते एकदा सांगून टाका. सगळं गाव ऐकतंय. ती ऐकत असेल.

फोन लावला. साहेबांनी उचलला. माझा श्वास रेडिओवर ऐकू येतोय —

उंबरा आतून ओला. दार उघडलं नाही, तरी —

कपाटापाशी उभे आहेत. पाठमोरे. काळे हात कपाटाच्या मुठीवर. पाणी गळतंय. उघडत नाहीत. रागावलेलेही नाहीत. माझ्या शब्दासाठी थांबलेत —

लिहीत राहिले की बोलायला नको —

विचारताहेत. किती अदबीनं. ताई, जवळ की —

भीती नाही ही. लाज. एकच शब्द, आणि त्या पोरीला कळेल की तिचे बाबा उगाच — माझ्यामुळे — उगाच —

आता तरी. फोन तोंडाशी धरलाय. जवळ म्हणायचं. जवळ. म्हणते आहे. तोंड उघडलं, आणि मी म्हणाले, लां